बाबांचा नकार की बाबांचा प्रश्न?

"मॅडम, पर्यावरणाचं काहीतरी सुरू करायचंय, पण घरचे म्हणतात आधी नोकरी." कॉलेजातल्या मुलांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की एकाची गोष्ट सांगतेच. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

तो इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठात शेवटच्या वर्षाला, घर राजेंद्रनगरात. ओल्या कचऱ्याचं खत करून विकायचं डोक्यात होतं. पण शहराच्या ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत करणारा देवगुराडियाचा गोबरधन प्रकल्प आठवला की खचायचा. २०२२ मध्ये सुरू झालेला, रोज ५५० टन ओला कचरा पचवायची क्षमता! "माझ्या चार बादल्यांना कोण विचारणार?"

"आजवर किती किलो खत केलंस?"

तो गप्प. दोन वर्षं नुसता विचारच चालला होता. शिक्षण न सोडता, कचरागाडी यायच्या आधी चार घरांचा ओला कचरा गोळा कर, म्हटलं.

तीन आठवड्यांनी चेहरा पाडून आला. ड्रमला वास सुटला, शेजारच्या काकू भांडल्या. "बाबा बरोबरच म्हणत होते."

"वास का सुटला?"

"पावसाने ओल वाढली, वाळकी पानं कमी पडली, हवा खेळली नाही. आता काय करायचं, तर..." आणि तो बोलतच सुटला.

"कुठे वाचलंस हे?"

"वाचलं नाही. हात घातल्यावर कळलं."

मी मुद्दाम गप्प राहिले. स्वतःचं वाक्य त्याला ऐकू यायला हवं होतं. 'मला जमेल' हा भरवसा सगळ्यात जास्त स्वतः करून पाहिल्यानेच येतो, असं मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं. माझी भिस्त त्यावरच आहे, आणि तिने मला क्वचितच दगा दिलाय.

मग बाबांकडे वळलो. "ते नेमकं काय म्हणतात?"

"एका पिशवीमागे सुटतात किती, असं विचारतात."

"किती सुटतात?"

उत्तर नव्हतं. दोन वर्षं तो या प्रश्नालाच नकार समजत होता! ही गाठ सापडली तेव्हा मलाही भरून आलं.

म्हणून मुलांनो, घरी आयुष्यभराची परवानगी मागू नका, चार महिन्यांची मागा. पहिल्या दिवसापासून वही ठेवा. नुकसानही लिहा, लपवलंत तर विश्वास जातो.

दिवाळीआधी तो वही घेऊन आला. पाच किलोच्या सहा पिशव्या विकल्या होत्या. शेवटच्या पानावर अक्षर वेगळं दिसलं.

"हे कोणाचं?"

"बाबांचं. मी रिक्षाभाडं धरलंच नव्हतं."