काडीकिड्याचे नाते कोठे वाचावे

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची चारही रेखाटने मिळाली. हात चांगला आहे. सालीवरचे ठिपके, शेवाळासारखे पापुद्रे, काट्यांच्या रांगा हे सारे तू इतक्या बारकाईने टिपले आहेस की चित्र पाहताना काडी कोठे संपते आणि किडा कोठे सुरू होतो, असा प्रश्न पडावा. परंतु याच तपशिलांवरून कुल (जाती मिळून प्रजाती, प्रजाती मिळून कुल आणि कुले मिळून गण, या उतरंडीतले) कसे ओळखावे असे तू विचारले आहेस, आणि तेथे मला तुला थांबवावेसे वाटते. हा सारा साज भक्षकाच्या डोळ्यांसाठी आहे. परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या वंशरेषांनी तो वेगवेगळ्या जंगलांत पुन्हा पुन्हा चढवला आहे, त्यामुळे त्यावरून किडा कोठे लपतो हे कळते, तो कोणाचा कोण हे कळत नाही. नाते वाचायचे असेल तर सोंगात फारसा भाग न घेणारे अवयव शोधावे लागतात. हे पत्र मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

फसण्याची परंपरा जुनी आहे, हे आधी सांगतो, म्हणजे तुला संकोच वाटणार नाही. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनीअसने 1758 साली एक पानकिडा आणि एक लांबलचक काडीकिडा अशा दोन जातींना नावे दिली, तेव्हा त्याने दोघांनाही नाकतोड्यांच्या मोठ्या प्रजातीत, प्रार्थनाकीटकांच्या उपविभागात बसवले. लांब मान, लांब पाय, पानासारखे पंख, एवढ्यावर तो निर्णय झाला होता. आज हे किडे फॅस्मॅटोडिया या स्वतंत्र गणात येतात. भूत किंवा आभास या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेले हे नाव आहे, आणि या गणात 3,000 हून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे. त्यांचे सर्वांत जवळचे आप्त म्हणजे एम्बिऑप्टेरा गणातले, पुढच्या पायांतून रेशीम काढून त्याच्या नळ्यांत राहणारे लहानखुरे कीटक. दोघांना शेजारी ठेवले तर कोणीही त्यांना भावंडे म्हणणार नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर असावी असे मला वाटते.

आता शरीराकडे वळू. तू चित्रात जिला मान म्हटले आहेस ती मान नव्हे. काडीकिड्याचे अग्रवक्ष, म्हणजे छातीच्या तीन खंडांतला पुढचा खंड, आखूड असते; लांबते ते मध्यवक्ष, म्हणजे मधला खंड, आणि बहुधा पश्चवक्ष, म्हणजे मागचा खंडही. प्रार्थनाकीटकात याच्या उलट, अग्रवक्ष लांबलेले असते. लांबलेल्या खंडातून पुढचा पाय निघतो की मधला एवढे पाहिले तरी दोघांतला घोटाळा कायमचा मिटतो. अग्रवक्षाच्या पुढच्या कडेला दोन्ही बाजूंना बचावग्रंथींची तोंडे असतात. ती सगळ्याच जातींत धोकादायक नसतात, पण अ‍ॅनिसोमॉर्फा प्रजातीतला किडा फवारा नेमका डोळ्यांच्या रोखाने सोडतो आणि तो डोळ्यांना इजा करतो, तेव्हा अपरिचित जिवंत नमुना भिंगाखाली घेताना चष्मा घालावा.

पश्चवक्षाची पाठ आणि उदराच्या पहिल्या खंडाची पाठ ही बहुतेक सर्व काडीकिड्यांत एकजीव झालेली असते. पंखहीन जातीत खंड मोजताना नवशिका येथे हमखास एकाने चुकतो, आणि मग पुढचे सारे क्रमांक चुकतात. तुझ्या दुसऱ्या चित्रात उदराचे नऊ खंड दिसतात ते याचमुळे. ही जोडणी उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या टायमेमा या प्रजातीत आढळत नाही. या किड्यांच्या पावलांत तीनच खंड असतात, उरलेल्या गणात पाच. टायमेमा ही उष्ण कटिबंधातली नव्हे, परंतु बाकीच्या साऱ्या काडीकिड्यांपासून सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा ती हीच, म्हणून तिची ओळख असल्यावाचून इतरांची वैशिष्ट्ये ध्यानात येत नाहीत.

पावलांच्या खंडांबाबत एक सावधगिरी. काडीकिडा संकटात पाय सोडून देतो. मांडीच्या मुळाशी त्यासाठी ठरलेली जागा असते. किडा अजून पिल्लू असेल तर पुढच्या काती टाकताना तो पाय पुन्हा उगवतो, पण उगवलेल्या पावलात पाचाऐवजी चारच खंड येतात. तरुणपणी मी असा एक नमुना हाती आल्यावर आठवडाभर नव्या कुलाची स्वप्ने पाहिली होती. शेवटी कोणीतरी सहज विचारले, बाकीचे पाच पाय पाहिलेत का? तेव्हापासून मी सहाही पाय मोजतो.

पंख हे आणखी एक फसवे प्रकरण आहे. बहुतेक पंखधारी जातींत पुढचे पंख आखूड, खवल्यासारखे असून ते मागच्या पंखांचे केवळ मूळ झाकतात. मागच्या पंखाची पुढची कड चिवट असते आणि उरलेला पातळ पडदा पंख्यासारखा घडी घालून तिच्याखाली राहतो, त्यामुळे मिटलेल्या अवस्थेत जे दिसते ते खरे तर मागच्याच पंखाचे झाकण असते. पानकिड्यांच्या मादीत मात्र पुढचे पंख लांब, रुंद आणि पानासारख्या शिरांचे असतात, तर मागचे पंख खुरटलेले. त्याच जातीच्या नरात पुन्हा पुढचे आखूड आणि मागचे उडण्याजोगे. गणाच्या इतिहासात पंख नाहीसे होऊन काही शाखांत परत आले असावेत, असा तर्क 2003 साली मांडला गेला, आणि त्यावरचा वाद अद्याप संपलेला नाही. वादाचा निकाल काहीही लागो, पंख आहेत किंवा नाहीत एवढ्यावरून कुल ठरवणे धोक्याचे आहे, हे तुझ्या माझ्यापुरते पुरेसे आहे.

जुन्या ग्रंथांत तुला या गणाचे दोन मोठे भाग आढळतील. नडगीच्या टोकाशी, खालच्या बाजूला, एक त्रिकोणी खोलगट जागा असते किंवा नसते. असेल तर एक भाग, नसेल तर दुसरा. ही खूण स्पष्ट होती, भिंगातून लगेच दिसत होती, आणि ओळखतक्त्यासाठी तर फारच सोयीची होती, म्हणून ती दीर्घकाळ टिकली. परंतु जनुकीय पुराव्याने ही विभागणी मोडली. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या विश्लेषणात बहुसंख्य काडीकिडे दोन भौगोलिक शाखांत विभागले गेले: जुन्या जगातली, म्हणजे अमेरिकेबाहेरची, ओरिओफॅस्मॅटा आणि अमेरिका खंडांतली ऑक्सिडोफॅस्मॅटा. त्रिकोणी खळगा असलेले अमेरिकेतले स्यूडोफॅस्मॅटिडी हे कुल आणि तसाच खळगा असलेले आग्नेय आशियातले हेटेरोप्टेरिजिडी हे कुल यांचा त्यामुळे निकटचा संबंध उरला नाही. उलट पहिल्या कुलाचे नाते खळगा नसलेल्या अमेरिकन डायाफेरोमेरिडीशी अधिक जवळचे ठरले. तरीही खळगा आहे की नाही हे तू वहीत नोंदवावेस असेच मी म्हणेन. ओळखण्याची खूण आणि नात्याची खूण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचाही उपयोग असतो.

याहून ठसठशीत उदाहरण हवे असेल तर ज्यांना वृक्षझिंगे म्हटले जाते त्यांचे घे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या समुद्रातल्या लॉर्ड हाउ बेटावरचा ड्रायोकोसेलस आणि न्यू गिनी परिसरातला युरिकँथा हे दोघेही जाडजूड, पंखहीन, चकाकत्या काळपट अंगाचे, दिवसा ढोलीत किंवा जमिनीलगत लपणारे, आणि त्यांच्या नरांच्या मागच्या मांड्या दांडग्या. इतके साम्य पाहून त्यांना एकाच गटात ठेवले गेले होते. त्यांची वंशावळ तपासली तेव्हा दोघांनी हे रूप स्वतंत्रपणे कमावल्याचे निष्पन्न झाले. यातला ड्रायोकोसेलस 1918 साली एका जहाजातून उतरलेल्या उंदरांमुळे बेटावरून नाहीसा झाला आणि 2001 साली जवळच्याच बॉल्स पिरॅमिड या समुद्रातून वर आलेल्या सुळक्यावर पुन्हा सापडला, हे तू वाचले असशीलच.

नर आणि मादी यांच्यातले अंतर हा यापुढचा अडसर. मलाया द्वीपकल्पातल्या हेटेरोप्टेरिक्स डायलाटाटाची मादी हिरवी, रुंद, आखूड पंखांची आणि कीटकांच्या मानाने अतिशय जड असते. नर मात्र तपकिरी, सडपातळ आणि लांब पंखांचा. पानकिड्यांत तर याची कमालच झाली. नॅनोफिलियम ही प्रजाती 1906 साली केवळ नरांवरून स्थापन झाली आणि शतकभर तिची मादी कोणाला ठाऊक नव्हती. पापुआ न्यू गिनीहून आलेली फिलियम आसेकिएन्से या वेगळ्या प्रजातीतल्या मानल्या गेलेल्या मादीची अंडी 2018 साली मॉन्ट्रियलच्या कीटकालयात उबवली गेली, आणि त्यांतून वाढलेले नर नॅनोफिलियमचे निघाले. संग्रहांच्या पेट्यांत नवराबायको दोन वेगळ्या नावांनी टाचलेले होते. एक अंडे वाढवून पाहण्याने जे उलगडले ते कोरडे नमुने कितीही काळ न्याहाळून उलगडले नसते.

म्हणून तू उदराचे टोक पाहायला शीक. मादीत आठव्या खंडाचे खालचे कवच लांबून होडीसारखे होते आणि अंडी घालण्याचे नाजूक भाग त्यात झाकले जातात. हेटेरोप्टेरिजिडी कुलातल्या अनेक माद्यांत हेच कवच आणि वरचे शेवटचे पट मिळून चोचीसारखे टोक बनते, कारण त्या अंडी मातीत पुरतात. नरात नवव्या खंडाचे कवच पेल्यासारखे असते आणि त्यामागे, दहाव्या खंडाच्या खालच्या बाजूला, व्होमर नावाचा कठीण आकडा असतो, ज्याने तो समागमात मादीला धरून ठेवतो. काही वंशरेषांत हा आकडा खुरटला आहे आणि पाठीकडचे दहावे पट दुभंगून, आतून दातेरी होऊन, चिमट्याचे काम करू लागले आहे. तुझ्या चारही चित्रांत हा भाग दोन रेघांत उरकलेला आहे. पुढच्या वेळी तो स्वतंत्रपणे, मोठा करून, वरून, खालून आणि बाजूने असा तीनदा काढ. काटे नाही काढलेस तरी चालेल.

आणि अंडी. या गणाच्या अभ्यासात माझे सर्वाधिक प्रेम अंड्यांवर आहे, हे लपवत नाही. प्रत्येक अंडे म्हणजे कठीण कवचाची कुपी असते. एका टोकाला गोल झाकण, जे ढकलून पिल्लू बाहेर येते, आणि कवचाच्या एका बाजूवर वणासारखी एक पट्टी, जिच्यातल्या सूक्ष्म छिद्रातून शुक्राणू आत जातो. या पट्टीचा आकार, तिची लांबी, झाकणापासूनचे अंतर आणि कवच फोडून आतून पाहिल्यास दिसणारे तिचे आतले रूप, यांवरून प्रजाती आणि पुष्कळदा त्याच्या वरचे गटही ओळखता येतात. मात्र अंडेही सोंग घेते, हे विसरू नकोस. कित्येक अंडी बीसारखी दिसतात, आणि काहींच्या झाकणावर एक मऊ बोंड असते, जसे काही बियांवर मुंग्यांना खाद्य म्हणून असते. ऑस्ट्रेलियातल्या एक्स्टाटोसोमा टायरेटमची मादी अशी अंडी झटक्याने खाली फेकते, मुंग्या ती बोंडासाठी वारुळात नेतात, आणि बाहेर येणारे पिल्लूही मुंगीसारखेच दिसते नि चपळ पळते. तेव्हा बोंड आहे म्हणून दोन जाती जवळच्या, असे म्हणू नये, पट्टी पाहावी. अंडी घालण्याच्या तऱ्हाही अशाच पुन्हा पुन्हा उपजल्या आहेत: कोणी नुसती टाकते, कोणी पुरते, कोणी सालीला चिकटवते. कोरिनिस प्रजातीत तर प्रार्थनाकीटकासारखा अंडकोश बनतो, असे 2015 साली दाखवून देण्यात आले. लिनीअसला हे ठाऊक असते तर तो आपल्या वर्गीकरणावर खूश झाला असता.

आता व्यवहाराचे थोडे. मादी सापडली तर तिला लगेच मारू नकोस; आठवडाभर ठेवून अंडी गोळा कर, त्यांतली काही वाळवून लहान कुपीत त्याच टाचणीला जोड आणि काही उबवायला ठेव, ज्याला कित्येक महिने लागू शकतात. नर मिळालाच नाही तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण कित्येक जातींत निषेचनाशिवायही पिल्ले निघतात. प्रयोगशाळांत जगभर वाढवला जाणारा, मूळचा तमिळनाडूतल्या पळणी डोंगरांतला कॅरॉसियस मोरोसस हा पिढ्यान् पिढ्या केवळ माद्यांवरच चालतो. याच कारणाने नको असलेली अंडी गोठवून मगच टाकावीत. परक्या ठिकाणी एक अंडेसुद्धा पुरेसे असते. मोठ्या मादीची आतडी काढल्याशिवाय ती वाळवू नये, नाहीतर उदर काळे पडून खंडांच्या सीमा दिसेनाशा होतात. रंगांची नोंद जिवंतपणीच कर. एक पाय तीव्र इथेनॉलमध्ये वेगळा ठेव, पुढे जनुके तपासायची वेळ आली तर कामी येईल. आणि चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि खाद्यवनस्पती हे तिन्ही हवेच. यांतले एक जरी नसले तर मी तो नमुना पाहत नाही, हे तुला माझ्या इतर विद्यार्थ्यांनी सांगितले असेल.

तुझ्या तिसऱ्या चित्राचे उत्तर अजून राहिले. त्या मादीच्या डाव्या मधल्या पायाच्या पावलात तू चार खंड दाखवले आहेत आणि त्यापुढे उद्गारचिन्ह घातले आहेस. उरलेल्या पाच पायांचे खंड मोजून कळव, आणि तिने अंडी घातली असतील तर त्या पट्टीचे चित्र पाठव. कुलाविषयी मग बोलू.

तुझा हितचिंतक