बंद गॅस स्टेशनच्या टाक्या: अपग्रेड, वाळू की उकरून काढणं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओहायोत तुम्ही आणि तुमचे मेव्हणे मिळून कोपऱ्यावरचं एक बंद गॅस स्टेशन घेताय. जमिनीत तीन जुन्या पोलादी टाक्या आहेत. मालक म्हणतो, टाक्या 'टेम्पररी क्लोजर'मध्ये आहेत, कागद आहे, काळजी नको. तर टाक्या अपग्रेड करून पुन्हा पेट्रोल विकावं, की त्यात वाळू भरून वर नुसतं दुकान चालवावं?

जमिनीतल्या टाक्या उकरून काढायच्या कामांवर देखरेख करण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. अपग्रेड करायची मुभा तुम्हाला आहे का, ते आधी बघा.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर बहुधा एक राखाडी डबा असेल. तो रेक्टिफायर. ओल्या मातीत पोलाद गंजू नये म्हणून तो आजूबाजूला पुरलेल्या ॲनोडमधून (करंट मातीत सोडणाऱ्या कांड्यांतून) बारीकसा डीसी करंट सोडत राहतो. (डबा नसेल तर टाकीवरच झिजणारे ॲनोड बसवलेले असू शकतात, चाचणी त्यांचीही होते.) टेम्पररी क्लोजर म्हणजे फक्त विक्री बंद. करंट चालूच लागतो, दर 60 दिवसांनी तपासून नोंद लागते आणि दर 3 वर्षांनी रीतसर चाचणी. आणि धंदा बसल्यावर मालक पहिली गोष्ट काय करतो? वीज तोडून टाकतो! एका ठिकाणी मी डबा उघडला तर आत गांधीलमाश्यांचं घर आणि काटा शून्यावर. टेम्पररी क्लोजरचा कागद मात्र फाइलमध्ये प्लास्टिकच्या कव्हरात घालून जपलेला.

आता अपग्रेडबद्दल. 1988 च्या फेडरल (केंद्र सरकारच्या) नियमांनी जुन्या टाक्यांना 22 डिसेंबर 1998 पर्यंत मुदत दिली होती. गंजरोधन, भरताना सांडलेलं धरणारी स्पिल बकेट आणि टाकी काठोकाठ भरू न देणारी सोय, हे तिन्ही तोवर करायचं होतं. ज्या टाक्यांचं तेव्हा राहिलं, त्यांना आज अपग्रेडचा रस्ता जवळपास बंदच आहे. त्या कायमच्या बंद करायच्या, एवढंच उरतं. म्हणून मालकाकडे 1998 च्या आसपासच्या कामाचे कागद मागा. 'काम झालंय, कागद सापडत नाहीत' हे उत्तर मी खूपदा ऐकलंय. त्यावर विसंबून सही करू नका.

कागद मिळाले असं धरू. तरी 2015 चे सुधारित नियम आहेतच: दर 30 दिवसांनी फेरी मारून तपासणी, दर 3 वर्षांनी स्पिल बकेटची चाचणी, गळती ओळखणाऱ्या उपकरणांची दरवर्षी चाचणी. पाइपलाइन निम्मी किंवा त्याहून अधिक बदलावी लागली तर ती दुहेरी भिंतीची टाकावी लागते. नवी टाकी तर दुहेरीच. इतकं सगळं जुन्या पोलादासाठी करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

राहिली वाळू. फेडरल नियमांत जागेवरच निष्क्रिय घन पदार्थ भरून टाकी बंद करता येते. पण अधिकाऱ्यांना 30 दिवस आधी कळवणं, टाकी रिकामी करून धुणं आणि भोवतालच्या मातीची तपासणी, हे टाकी काढा नाहीतर ठेवा, चुकत नाही. शिवाय राज्याचे नियम याहून कडक असू शकतात. तुमच्याकडे हे काम स्टेट फायर मार्शलच्या हाताखालचं 'बस्टर' (BUSTR, जमिनीतल्या टाक्यांचे नियम सांभाळणारं खातं) बघतं. कंत्राटदाराशी बोलण्याआधी त्यांना फोन करा.

माझं मत विचाराल तर टाकी उकरून बाहेर काढा. आत ड्राय आइसचे तुकडे टाकून वाफांचा जोर मोडतात, मीटर लावून खात्री करतात, मग साखळ्या बांधून टाकी वर येते आणि तिचं पोट दिसतं. भरायच्या पाइपाच्या बरोबर खाली नीट बघा. वर्षानुवर्षं पेट्रोलची पातळी मोजायची डिपची काठी एकाच जागी आपटून पत्रा झिजलेला असतो, आणि पेन्सिलच्या टोकाएवढं भोक सापडलं तर बहुधा तिथेच. वाळू भरलेल्या टाकीत हे कोण बघणार? पंपाखालची मातीही तपासून घ्या. टाकी धडधाकट आणि पाइपाचा सांधा गळका, हे नेहमीचंच. गळती दिसली तर 24 तासांत कळवावं लागतं.

आणि व्यवहाराचं: या टाक्या जमिनीसोबत तुमच्या नावावर आल्या की त्यांची जबाबदारीही आली. म्हणून करारातच घाला की टाक्या आजच्या मालकाने काढायच्या, मातीचे अहवाल द्यायचे आणि राज्याचं 'नो फर्दर ॲक्शन' (आता पुढे काही करायची गरज नाही असं) पत्र हाती आल्यावरच उरलेले पैसे मिळतील. तो का-कू करू लागला तर त्याला टाकीखालचं काहीतरी ठाऊक आहे असं समजा. स्वतःच्या खर्चाने मातीच्या तपासणीसाठी चार बोअर घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तोवर एक काम फुकटात होण्यासारखं आहे. रेक्टिफायरच्या 60 दिवसांच्या नोंदींची वही मागा. वही आलीच, तर पाच वर्षांच्या नोंदी एकाच पेनाने एकाच बैठकीत लिहिलेल्या नाहीत ना, तेवढं बघा.