हेगेदुश का हरला? छापखाना तर त्यानेच बंद केला होता

तुम्ही विचारलंय की हंगेरीचा अर्थमंत्री लोरांत हेगेदुशने नोटा छापणं थांबवलं तरी त्याला नऊ महिन्यांत जावं का लागलं, आणि चलन सावरल्याचं सगळं श्रेय नंतरचा अर्थमंत्री यानोश बुदला कसं मिळतं. मला हेगेदुशबद्दल कायम वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या महायुद्धात हरल्यावर १९२० च्या त्रिआनोन तहात देशाचा दोन तृतीयांश मुलूख गेला, तिथले कर गेले, पण तिथून परत आलेले सरकारी नोकर मात्र बुडापेस्टच्या तिजोरीवर. त्यात त्याच वर्षी मार्चमध्ये आधीचा मंत्री कोरान्यीने नोटांवर शिक्के मारून घेताना लोकांच्या निम्म्या नोटा सक्तीचं कर्ज म्हणून ठेवून घेतलेल्या, लोक आधीच चिडलेले. हेगेदुश डिसेंबर १९२० मध्ये आला, बँकिंगमधला माणूस, म्हणाला नोटा छापून राज्य चालवायचं नाही, ज्यांच्याकडे मालमत्ता आहे त्यांनी एकदाच मोठा कर द्यायचा, ठेवी, शेअर्स, मग जमीन. आणि १९२१ च्या वसंतात झुरिचच्या बाजारात कोरोनाचा, म्हणजे तेव्हाच्या हंगेरियन चलनाचा, भाव खरंच चढला हो!

पण एकदाचा कर एकदाच येतो, पगार दर महिन्याला द्यावे लागतात. शिवाय युद्धाची भरपाई किती ते ठरलेलंच नव्हतं आणि देशाच्या मालमत्तेवर पहिला हक्क जेत्यांचा, मग बाहेरचा कोण कर्ज देणार? भाव पुन्हा घसरला, सप्टेंबर १९२१ मध्ये त्याने राजीनामा दिला, तब्येतही पार कोलमडली.

१९२४ मध्ये औषध तेच होतं, फक्त पथ्य पाळणं शक्य झालं. जेत्यांचा तो पहिला हक्क बाजूला ठेवला गेला, राष्ट्रसंघामार्फत सुमारे २५ कोटी सुवर्ण कोरोनांचं कर्ज, खर्चावर नजर ठेवायला बोस्टनचा वकील जेरेमाया स्मिथ, आणि जूनमध्ये स्वतंत्र नॅशनल बँक. बुद आला त्यानंतर. त्याने आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या असं मी म्हणणार नाही, बजेट जमवून ते टिकवणं हे त्याचंच काम, आणि १ जानेवारी १९२७ पासून पेंगो हे नवं चलन चालू झालं.

माझ्या संग्रहात १९२३ ची एक लाख कोरोनाची नोट आहे, तिच्यावर नंतर छापलंय ८ पेंगो. कारण १२,५०० कोरोनांचा एक पेंगो. युद्धाआधी एवढे पैसे असलेला माणूस श्रीमंत म्हणवला असता. तुमच्याकडे २५,००० वाली असेल तर नीट बघा, २ पेंगोचा छाप असू शकतो.