कॅम्परच्या मागे स्टेपनी

प्रश्न : माझ्याकडे १९७२ची फोक्सवॅगन कॅम्पर आहे. आत झोपायला जागा व्हावी म्हणून स्टेपनी मागे बाहेर लावायची आहे. काय काळजी घेऊ? — एक वाचक, दादर

उत्तर : इंजिन मागे आहे, म्हणून स्टँड दारासारखा बाजूला उघडणाराच घ्या, नाहीतर ऑइल बघायलाही चाक उतरवावं लागेल. इंजिनाला हवा बाजूच्या जाळ्यांतून मिळते, ती चिंता नको. चाकाचं वजन नुसत्या पत्र्यावर टाकू नका, आतून जाड प्लेट द्या. आणि भोक पाडलं की त्याच दिवशी कडेला रेड ऑक्साइड लावा, वर सीलंट. एकदा माझ्याकडून हे राहून गेलं. माहीमच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यानंतर बोल्टभोवतीचा पत्रा बोटानं दाबला तर आत गेला. नंबरप्लेट आणि दिवे झाकू नका.