सगळ्याला ‘हो’ म्हणणारा भाचा

प्रश्न : भाचा १६ वर्षांचा आहे. मोबाइल हिसकावल्याच्या प्रकरणात मित्रांबरोबर सापडला, सध्या भिवंडीच्या निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) आहे. आई नाही, मीच वाढवलाय. पाचवीत असताना शाळेतल्या बाईंच्या सांगण्यावरून तपासणी केली, तेव्हा अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही लिहिणं-वाचणं जड जाणं, निघाली होती. आता बाल न्याय मंडळासमोर (मुलांची प्रकरणं तिथे चालतात) काही विचारलं की गप्प, नाहीतर सगळ्याला ‘हो’. सगळ्यांना तो उर्मट वाटतो. मी काय करू?
– एक मावशी, कोपरखैरणे

उत्तर : ताई, तुमचं नाव मुद्दाम छापलेलं नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही जरा आवर घाला.

आधी पाचवीतल्या तपासणीचा तो कागद शोधून काढा आणि त्याची प्रत परिविक्षा अधिकाऱ्यांना द्या. हे अधिकारी घरची, शाळेची चौकशी करून मंडळाला सामाजिक तपासणी अहवाल देतात आणि त्याला मुदत असते १५ दिवसांची. त्यात ‘अभ्यासात रस नाही, शाळा सोडली’ एवढंच उतरलं, तर तेच त्याला चिकटतं. अहवाल आधीच गेला असेल तर वकिलांना सांगून तो कागद मंडळाकडच्या अर्जासोबत जोडा. वकील नसेल तर ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. मात्र या कागदावर मुलगा सुटेल, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्याचं म्हणणं नीट ऐकलं जावं, एवढ्यासाठी तो हवा.

सोबत तुमच्या हातचं एक पान द्या. अक्षमतेचं नाव लिहून भागत नाही, भाचा कुठे अडतो ते लिहा. एका दमात तीन गोष्टी सांगितल्या की शेवटचीच लक्षात राहते का? आधी काय झालं, नंतर काय, यात गोंधळतो का?

मी विशेष शिक्षिका आहे. अशाच एका संस्थेत एक मुलगा रोज हजेरीला उशिरा यायचा, रोज बोलणी खायचा. वेळापत्रक भिंतीवर होतं, बारीक टाइपात. त्याला ते वाचताच येत नव्हतं, आणि हे चार पोरांसमोर कबूल करण्यापेक्षा बोलणी परवडली! घड्याळाची चित्रं काढून दिली, तक्रार मिटली.

म्हणून भेटायला जाल तेव्हा ‘कळलं ना?’ विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. ‘साहेब काय म्हणाले, मला सांग बघू’ म्हणा. वकिलांनाही हीच सवय लावा. जामिनाच्या अटी तर त्याच्या तोंडून वदवून घ्या आणि हजेरीच्या तारखांना घरच्या कॅलेंडरवर लाल गोल करा.

शिक्षणाचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता येते. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, अक्षमतेचं प्रमाणपत्र असलं की जादा वेळ आणि लेखनिकही मिळतो. पण ते सुटून आल्यावर. या आठवड्यात तपासणीच्या कागदाच्या दोन झेरॉक्स काढा, एक द्या आणि दुसरीवर पोच घ्या. मूळ प्रत कोणी मागितली तरी हातची सोडू नका.