'बामणोदचं' मधला 'चं': मानांकन, निर्देशांक की निर्देशन?

रावेरच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. युरोपातल्या वाइनच्या कायद्यांवरचा एक मजकूर त्या मराठीत आणताहेत आणि पहिल्याच पानावर अडल्यात. जिऑग्राफिकल इंडिकेशनला, म्हणजे माल कुठल्या भूभागातला ते दाखवणाऱ्या कायदेशीर खुणेला, आपल्याकडे कुणी 'भौगोलिक मानांकन' लिहितं, कुणी 'भौगोलिक निर्देशांक', तर कुणी नुसतं 'जीआय टॅग'. यातलं बरोबर कोणतं? फ्रेंच लोक ज्याला 'अपेलासियाँ' म्हणतात, त्या वाइनच्या प्रदेशाला 'मानांकित प्रदेश' म्हटलं तर चालेल का?

ताई, 'निर्देशांक' आधी बाजूला ठेवू, त्यावर फार वेळ नको. निर्देशांक म्हणजे आकडा. महागाईचा निर्देशांक वाढतो, शेअर बाजाराचा घसरतो. जळगावच्या केळीला असा कुठलाच आकडा मिळालेला नाही. 'निर्देश' ऐकून कुणीतरी पुढे 'अंक' जोडला आणि तो बातम्यांत रुजला. हा शब्द वापरू नका.

'मानांकन'चं मात्र तसं नाही. तो सगळीकडे रुळलाय आणि ऐकायलाही चांगला वाटतो. माझी अडचण त्याच्या अर्थाची आहे. मानांकन म्हणजे मान पाहून क्रम लावणं. टेनिसमध्ये मानांकित खेळाडू असतात, पहिलं मानांकन, दुसरं मानांकन. महाविद्यालयांनाही मानांकन मिळतं. म्हणून 'भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन' असं वाचलं की माणसाला वाटतं, वांग्यांची कुठेतरी स्पर्धा झाली आणि आपलं वांगं पहिलं आलं. झालेलं असतं भलतंच. नोंदणीने एवढंच ठरतं की हे नाव कुणी लावायचं आणि कुणी नाही.

तुम्ही वाइनवरचा मजकूर करताय, तिथे हा फरक फार महागात पडेल, कारण त्या जगात दोन्ही गोष्टी आहेत, आणि वेगवेगळ्या आहेत. फ्रान्समधल्या बोर्दोचंच उदाहरण घ्या. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिथल्या दलालांनी बाजारभाव पाहून नामांकित मळ्यांची प्रतवारी लावली. तांबड्या वाइनच्या पाच पायऱ्या केल्या. ती यादी आजही चालते. मूतों-रोत्शिल्ड हा मळा दुसऱ्या पायरीवरून पहिल्या पायरीवर गेला तो १९७३ मध्ये, म्हणजे ११८ वर्षांनी. हे खरं मानांकन. 'बोर्दो' हे नाव बाटलीवर लावायचा हक्क ही त्याहून निराळी गोष्ट. पाचव्या पायरीवरच्या मळ्याला तो हक्क आहे आणि यादीत कुठेच नसलेल्या साध्या शेतकऱ्यालाही आहे, फक्त त्याची द्राक्षं त्या हद्दीतली हवीत आणि त्याने तिथले नियम पाळायला हवेत. दोन्हींना 'मानांकन' म्हटलंत तर तुमच्या मजकुराचा तिसरा परिच्छेद पहिल्याशी भांडायला लागेल.

मग मराठीत ही दुसरी कल्पना नाहीच का? आहे, आणि रोजच्या बोलण्यात आहे. हिवाळ्यात जळगावच्या बाजारात भरिताच्या वांग्यांच्या ढिगासमोर उभं राहा. फिकट हिरवी, पांढुरक्या रेघांची, हातभर वाटावीत अशी वांगी. मागच्या थंडीत मी नुसतं एक उचलून वजन पाहत होतो, तर विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बामनोदचं हाये, भाऊ." बामणोद हे आमच्या जळगाव जिल्ह्यातलं गाव. चांगलं आहे, गोड आहे, बिया कमी आहेत, यातलं त्या काहीच बोलल्या नाहीत. सगळं त्या 'चं'मध्ये आलं. मी दोन किलो घेतली. काड्यांवर भाजून, ठेचून, कांद्याची पात घालून कळण्याच्या भाकरीबरोबर खाल्ली आणि मावशींचा 'चं' खरा निघाला.

हा 'चा-ची-चं' माल कुठून आला ते सांगतो. त्याच्या शेजारी आपल्याकडे दुसरा प्रत्यय आहे, 'ई'. कोल्हापुरी, नागपुरी, बनारसी, खान्देशी. 'खान्देशी शेवभाजी' पुण्यात मिळते, मुंबईत मिळते आणि त्यात कुणाला खोटं वाटत नाही, कारण 'ई' इथे रीत सांगतो. पण पुण्यातल्या दुकानदाराने 'खान्देशातली शेव' म्हणून पुण्यातच तळलेली शेव दिली, तर ती फसवणूक होईल. 'चं' हा ठिकाणाला बांधलेला आहे, 'ई' सुटून फिरतो. भौगोलिक नोंदणीचा सगळा कायदा या दोन प्रत्ययांच्या मधल्या जागेत उभा आहे, असं मला फार वर्षांपासून वाटतं. नाव 'चं' मधून निसटून 'ई' मध्ये जाऊ नये, यासाठीच तो सगळा खटाटोप. कधी कधी गेलेलं नाव परतही आणता येतं. 'कोल्हापुरी चप्पल' नावात 'ई' घेऊन बसली होती, पण नोंदणीने तिला महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांच्या हद्दीत पुन्हा बसवलं.

सुटलेल्या नावाचं एक उदाहरण तुमच्या शेतातच असेल. बोर्डो मिश्रण! मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी शंभर लीटर. मोरचूद वेगळं भिजवायचं, चुना वेगळा, मग दोन्ही प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये एकत्र करायचं, लोखंडी भांड्यात कधीच नाही. तयार झालं की त्यात विळ्याचं पातं बुडवून पाहायचं. पात्यावर तांबूस लेप चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा. आमच्याकडे लिंबाच्या बागेत हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. हा 'बोर्डो' म्हणजे तेच वाइनचं बोर्दो. तिथल्या रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून चुना-मोरचूद फासत. त्या वेलींवर डाऊनी हा बुरशीचा रोग येत नाही, हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्याने ते जाहीर केलं. आज ते मिश्रण जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात केलं तरी बोर्डोच. त्याच ड्रमशेजारी द्राक्षाचा रस आंबवून बाटलीवर 'बोर्दो' लिहिलं तर मात्र चालणार नाही. एकाच गावाच्या नावाची ही दोन रूपं, एक मोकळं सुटलेलं, एक राखलेलं.

राखण किती कडक असते, तेही सांगतो. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेवरच्या करारात साध्या मालासाठी नियम असा की, गिऱ्हाइकाची दिशाभूल होईल असं नाव वापरू नये. वाइन आणि व्हिस्की-ब्रँडीसारख्या कडक मद्यांसाठी मात्र तेविसावं कलम वेगळं आहे. 'अमुक पद्धतीची', 'अमुक प्रकारची' अशी पुस्ती जोडली, खरं ठिकाण शेजारी छापलं, तरीही ते नाव लावता येत नाही. म्हणजे वाइनच्या बाबतीत 'ई' प्रत्ययालाही बंदी. तरी अमेरिकेतले काही जुने उत्पादक 'कॅलिफोर्निया शॅम्पेन' लिहू शकतात, कारण २००६ च्या युरोप-अमेरिका करारात आधीपासूनची लेबलं तशीच राहू दिली गेली. शॅम्पेन हा फ्रान्सचा एक प्रांत आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाला ते लेबल 'नाशिकचं जळगाव केळं' वाचल्यासारखं वाटतं.

आता 'अपेलासियाँ'. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ साधा आहे: हाक मारायचं नाव, अभिधान. पूर्ण संज्ञा 'अपेलासियाँ दोरिजीन काँत्रोले'. 'दोरिजीन' म्हणजे मूळ ठिकाणाचं. 'काँत्रोले'चं भाषांतर बहुतेक जण 'नियंत्रित' करतात, आणि तिथे थोडं थांबावं असं मला वाटतं. तो शब्द 'काँत्र-रोल'वरून आला, म्हणजे पहिल्या वहीशी ताडून पाहण्यासाठी ठेवलेली दुसरी वही. आपल्या भाषेत पडताळा. त्या वाइनचा खरोखर पडताळाच घेतला जातो. शातोनफ-द्यू-पाप गावात १९२३ मध्ये पिएर ल र्‍वा या वकील-बागायतदाराने गावकऱ्यांबरोबर नियम लिहून काढले. लॅव्हेंडर आणि थाइम जिथे उगवतं अशा निकस जमिनीतलीच द्राक्षं. ठरलेलेच वाण. छाटणीची रीत ठरलेली. काढणीच्या वेळी खराब घड निवडून टाकायचे. मद्यार्क किमान साडेबारा टक्के. याच धर्तीवर १९३५ मध्ये फ्रान्सने देशभरासाठी कायदा केला आणि १९३६ मध्ये पहिली नावं जाहीर झाली, त्यात हे गाव होतं. उत्पन्नावरही मर्यादा आहे. तिथे हेक्टरी ३५ हेक्टोलीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने एकरी जेमतेम चौदाशे लीटर वाइन. एकरी उतारा वाढवणं हेच ज्याचं ध्येय, त्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे ऐकून नवल वाटेल, पण नावाची किंमत तिथे अशी मोजून दिली जाते.

अमेरिकेची रीत निराळी, आणि म्हणून तिला तोच मराठी शब्द देऊ नका. तिथे १९८० मध्ये मिसूरीतल्या ऑगस्टाला पहिलं 'व्हिटिकल्चरल एरिया' ठरवलं. फक्त नकाशावर हद्द आखायची. त्या हद्दीचं नाव लावायचं तर ८५ टक्के द्राक्षं आतली हवीत. वाण कोणता, छाटणी कशी, एकरी किती, याबद्दल ते नाव काही बोलत नाही. आपल्या म्हणीत ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण नाही पण गुण लागतो. म्हणीतला वाण रंगाचा आहे, बियाण्याचा नाही, तरी इथे चपखल बसतो: अमेरिकी हद्द म्हणते, शेजाराचा गुण पुरे. फ्रेंच नियम म्हणतो, गुणही हवा, वाणही हवा आणि वागणूकही. म्हणून अमेरिकेसाठी सरळ 'द्राक्षक्षेत्र' लिहा.

फ्रेंच संज्ञेसाठी मी बराच विचार केला. 'मूळनाम' म्हटलं तर आधीचं नाव असा अर्थ निघतो, जसं लेखकाचं टोपणनाव आणि मूळ नाव. 'स्थाननाम' भाषाशास्त्रात कुठल्याही गावाच्या नावाला वापरतात. 'नामांकन' तर नकोच, ते पुरस्काराचं झालंय. मला 'उगमनाम' पटतं. उगम म्हटलं की आपल्याला नदी आठवते, तापीचा उगम मुलताईला. पण उगम आणि उगवणं दोन्ही 'उद्गम'च्याच घरचे. वेलीवर उगवणाऱ्या मालाच्या नावाला हा शब्द शोभतो. पूर्ण संज्ञा हवी तिथे 'नियमबद्ध उगमनाम' लिहा. 'पडताळलेलं उगमनाम' अर्थाला अधिक जवळचं आहे, पण कायद्याच्या मजकुरात जड जाईल.

तुमच्या मजकुरात पोर्तुगालचा दोउरो हा वाइनचा प्रदेश येणारच. तिथे वाइनमध्ये भेसळ फार वाढली, रंगासाठी दुसऱ्याच फळांचा रस मिसळू लागले, म्हणून १७५६ मध्ये पोर्तुगालचा मंत्री, पुढे पोंबालचा मार्केझ झालेला, याच्या राजवटीत पोर्ट नावाच्या वाइनच्या द्राक्षांची हद्द आखली गेली आणि पुढच्या काही वर्षांत ग्रॅनाइटचे तीनशेहून जास्त दगड रोवले. त्यातले काही आजही उभे आहेत. तिथे 'सीमांकन स्तंभ' असलं काही लिहू नका. आपल्याकडे दोन गावांच्या मध्ये जो असतो तोच तो, शिवेचा दगड.

राहिला मूळ प्रश्न, जिऑग्राफिकल इंडिकेशन. आपला कायदा १९९९ चा, अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून, नोंदणी कार्यालय चेन्नईत. त्याची व्याख्या वाचली की 'मानांकन' का बसत नाही ते कळतं. मालाचा गुण, लौकिक किंवा वैशिष्ट्य मुख्यतः त्या भूभागामुळे आलेलं असेल, तर तो भूभाग दाखवणारी खूण, एवढंच ती म्हणते. 'दाखवणारी' हे महत्त्वाचं. म्हणून 'भौगोलिक निर्देशन'. हिंदीत निर्देशन म्हटलं की सिनेमा आठवतो, पण आपल्याकडे ते काम दिग्दर्शन करतं, त्यामुळे मराठीत 'निर्देशन' बोट दाखवायला मोकळं आहे. हिंदी कायद्यातला 'उपदर्शन' इकडे आणायचं कारण नाही, मराठी कानाला तो काहीच सांगत नाही. बातमीचा मथळा करणाऱ्याने 'मानांकन' लिहिलं तर मी वाद घालणार नाही, लोकांना कळतं. पण तुमचा मजकूर कायद्याचा आहे. शिवाय मानांकन मिळवलेला माणूस ते आपलं म्हणून मिरवतो, आणि निर्देशन कुणा एकाचं नसतं. आपल्या कायद्यात ते नाव विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, भाड्याने देता येत नाही. हद्दीतला जो शेतकरी अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवील तो ते वापरतो. नोंदणी दहा वर्षांची, मग नूतनीकरण.

शेवटी एक बारीक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत पण तुम्हाला लागेल. नोंदणीत नावं इंग्रजी घडणीची आहेत: जळगाव केळी, लासलगाव कांदा, नाशिक व्हॅली वाइन. नाशकात कुणी 'व्हॅली' म्हणत नाही, म्हणायचं तर गोदाखोरं. तरी नोंदलेलं नाव हे विशेषनाम आहे, त्याला हात लावू नका, अवतरणात जसंच्या तसं ठेवा. चालत्या वाक्यात मात्र 'चं' परत आणा. २०२१ मध्ये तुमच्याच तालुक्यातल्या तांदलवाडीहून निर्देशन मिळालेली केळी दुबईला गेली. खोक्यावर 'जळगाव केळी' असू द्या, पण तुमच्या वाक्यात 'तांदलवाडीची केळी दुबईला गेली' असंच लिहा.