रोगजंतू शरीरात शिरून नेमकं करतात तरी काय, की धडधाकट माणूस आडवा पडतो?

तुम्ही लिहिलंय की एकाच पावसाळ्यात तुमच्या मुलाला टायफॉइड झाला, आजीला जुलाब लागले आणि शेजारी डेंग्यू निघाला. ताप तिघांनाही, मग एकाच अँटिबायोटिकवर तिघं बरे का होत नाहीत? मी सोलापुरातच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये २२ वर्षं काम करतोय. डॉक्टर नाही, पण रोज हेच नमुने बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताप सगळ्यांना सारखाच दिसतो, कारण तो जंतू आणत नाही, आपलं शरीर आणतं. पांढऱ्या पेशींची जंतूशी गाठ पडली की त्या रक्तातून मेंदूला निरोप धाडतात आणि मेंदू शरीराचं तापमान वर नेऊन ठेवतो. तिथवर पोचायला स्नायू थरथरतात, तीच हुडहुडी. म्हणजे तापावरून एवढंच कळतं की आत कोणीतरी शिरलंय. कोण शिरलंय आणि काय करतंय, ते प्रत्येक वेळी वेगळं असतं.

पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं उदाहरण घ्या. आपल्या जिल्ह्यात पंढरपूरच्या वारीमुळे जुन्या लोकांना या रोगाचा फार धसका होता, गावोगाव मरीआईला नवस बोलले जायचे. हा जंतू रक्तात जात नाही की आतडं कुरतडत नाही. आतड्याच्या भिंतीला चिकटतो आणि एक विष सोडतो. त्या विषानं आतड्याच्या पेशी शरीरातलं मीठ उलट आतड्यात ओतत सुटतात आणि मिठामागे पाणी जातं. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात आणि धडधाकट माणूस काही तासांत सुकून जातो. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात या जंतूवर काम केलं, पण विष हेच खरं कारण आहे हे तिथल्याच शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं. मला हे डे फार मोठे शास्त्रज्ञ वाटतात, आपल्या शाळांत त्यांचं नावही कुणी घेत नाही.

आता यातली खरी गंमत ऐका. आतड्यात साखर आणि मीठ जोडीनं आत घेणारं एक वेगळं दार असतं आणि त्या दाराला हे विष हात लावत नाही. म्हणून लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) घालून दिलं, की मीठ साखरेबरोबर आत जातं आणि पाणीही मागोमाग जातं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मिश्रणावर कित्येक जीव वाचवले. आजींना जुलाब कशानेही लागले असोत, पहिलं काम हेच. लहान मुलांना तर बऱ्याचदा रोटाव्हायरस नावाच्या विषाणूचे जुलाब असतात, तिथे अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही.

आजींनी रात्रीचा भात सकाळी खाल्ला होता का, तेही विचारा. भातात एका जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. उन्हाळ्यातल्या आपल्या उकाड्यात भात बाहेर राहिला की ते जागे होतात. त्यातल्या काहींचं विष तर भात परत गरम केला तरी जात नाही. आपली कडक भाकरी मात्र महिनोन्‌महिने टिकते, कारण जंतूला वाढायला पाणी लागतं आणि तिच्यात ते शिल्लकच नसतं.

टायफॉइडची तऱ्हा निराळी. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात गेलेला जंतू आतड्याची भिंत ओलांडतो. ज्या पेशींनी त्याला गिळून मारायचं, त्यांच्याच आत बसून तो वाढतो, यकृत-प्लीहेत पसरतो आणि मग रक्तात उतरतो. याला एक-दोन आठवडे लागतात. म्हणून कालच्या पाणीपुरीला दोष देऊ नका, पंधरा दिवसांपूर्वी मुलगा कुठलं पाणी प्यायला ते आठवा.

इथे माझी एक कळकळीची विनंती आहे. फक्त विडाल (टायफॉइडसाठी करतात ती रक्ताची एक तपासणी) पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइड धरू नका, जुन्या संसर्गानं किंवा लसीनंही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी, ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी, करा. आम्ही ते रक्त बाटलीत ३७ अंशांवर ठेवतो. जंतू असला तर द्रव गढूळ होतो, मग त्यातला थेंब जंतू वाढवायच्या प्लेटवर ओढतो. दुसऱ्या दिवशी मॅकॉन्की नावाच्या प्लेटवर ई. कोलाय या आतड्यातल्या नेहमीच्या जंतूचे ठिपके गुलाबी दिसतात, टायफॉइडचे फिके, जवळजवळ बिनरंगाचे. त्यांच्यावर कुठलं औषध चालतं, तेही तिथेच तपासता येतं. मुलाला लिहून दिलेला कोर्स ताप उतरला तरी पूर्ण करा. बरं झाल्यावरही काही जणांच्या पित्ताशयात हा जंतू दडून राहतो आणि शौचावाटे बाहेर पडत राहतो, तेव्हा संडासनंतर आणि जेवणाआधी साबणानं हात धुतलेच पाहिजेत.

डेंग्यू हा विषाणू. त्याला स्वतःचा संसार नाही, तो आपल्याच पेशींना राबवून स्वतःच्या प्रती काढून घेतो. अँटिबायोटिक जंतूची भिंत फोडतं नाहीतर त्याची यंत्रं बंद पाडतं, विषाणूकडे ती नसतातच. डेंग्यूत रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी होतात आणि खरा धोका ताप उतरल्यावर सुरू होतो. पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त असं काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. अंगदुखीला ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, रक्तस्राव वाढतो.

आणि शेजारच्या डेंग्यूचं मूळ बहुतेक पाण्याच्या बॅरलमध्येच असेल. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे हौद, बॅरल, घागरी सगळं भरून ठेवावंच लागतं. एडिस डास अशा स्वच्छ पाण्याच्या काठाला, भिंतीवर अंडी चिकटवतो. नुसतं पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात, कोरडी महिनोन्‌महिने जगतात आणि पाणी चढलं की फुटतात. पाणी यायच्या दिवशी बॅरल रिकामा करून आतली भिंत काथ्यानं खसखसून घासा, मगच भरा, आणि झाकण नसेल तर जुन्या सुती धोतराचं फडकं तोंडाला घट्ट बांधा.